घाम फुटलेलं अंडं

अंड्याला घाम फुटला होता. दूध घेऊन आल्यावर नेहमीप्रमाणे त्याने खुराड्याची मागची फळी वर केली, पेंढ्यात हात घातला, आणि हाताला जे लागलं ते गार होतं. नुसतं गार नव्हे, ओलं. उजेडात धरलं तर तांबूस कवचावर बारीक थेंब जमलेले. त्याने ते अंगठ्याने पुसले, तर बघता बघता पुन्हा जमले. हवा दमट होती, त्याच्या स्वतःच्या मानेवरही घाम होता. पण माणसाच्या घामाचं कारण वेगळं आणि अंड्याच्या घामाचं वेगळं. कोंबडीच्या पोटाखालून निघालेलं अंडं ऊन असतं, मग कोमट होतं, मग हवेइतकं होतं आणि तिथेच थांबतं. हवेपेक्षा गार अंडं एकाच ठिकाणाहून येतं, आणि त्या ठिकाणाला दार असतं, दार उघडलं की आत दिवा लागतो. कोणीतरी फ्रिजमधलं अंडं आणून त्याच्या खुराड्यात ठेवलं होतं. अंगणात बाकीच्या पांढऱ्या कोंबड्या कोंडा टिपत होत्या आणि मावशी ही एकटी तांबूस कोंबडी, जिचं ते अंडं असायला हवं होतं, भिंतीच्या कडेला धुळीत अंग घुसळत होती. तिने त्याच्याकडे एका डोळ्याने पाहिलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागली.

मावशी हे नाव बायकोने ठेवलेलं. पिल्लू असतानाच ती दुसऱ्या पिल्लांना चोचीने दटावून रांगेत लावायची, म्हणून. बायको गेल्यावर पांढऱ्या कोंबड्यांचं त्याला काही वाटत नव्हतं, त्या घरात पंखा असावा तशा होत्या. पण मावशीचं तांबूस, बारीक ठिपक्यांचं अंडं रोज सकाळी हातात आलं की कालचा दिवस आणि आजचा दिवस यांना जोडणारं काहीतरी अजून शाबूत आहे असं वाटायचं. मुलगी फोनवर सारखी म्हणायची, बाबा, आता इकडे या, उंच इमारतीत का होईना, स्वतंत्र खोली आहे, लिफ्ट आहे. तो म्हणायचा, मावशी अंडी देतेय तोवर मी हलणार नाही, ती थांबली की येतो. मुलगी हसायची. तो मात्र थट्टेने म्हणत नव्हता. हेच तो भिंतीपलीकडच्या मास्तरांनाही एकदा म्हणाला होता, आणि मास्तरांनी सुईत दोरा ओवता ओवता मान हलवली होती. दोरा काही ओवला गेला नव्हता.

मास्तर म्हणजे शेजारचे शिंपी. दोघांच्या परसांमध्ये कमरेइतकी भिंत, आणि भिंतीच्या टोकाला जाळीचं लहान फाटक, तारेने बांधलेलं. ते फाटक बायकोने करून घेतलं होतं, तेव्हा त्याने कपाळाला आठी घातली होती. भिंत आहे तर फाटक कशाला आणि फाटक करायचं तर भिंत कशाला, असं तो म्हणाला होता. आता घाम फुटलेलं अंडं हातात घेऊन तो त्या फाटकाशी गेला आणि वाकून तार पाहिली. तार पिळलेली होती, पण पीळ उलटा होता. तो स्वतः उजवीकडे पिळायचा, सगळं जग उजवीकडे पिळतं. मास्तर डावखुरे होते. त्यांची कात्रीसुद्धा वेगळी मागवलेली, कोणी उसनी नेली तर कापड चावून परत आणायचा.

आयुष्यभर त्याने हेच केलं होतं. वीज कंपनीत मीटर तपासायचं काम. बाकीचे लोक आकडा पाहायचे, तो तार पाहायचा. सीलाची तार, तिचा पीळ, शिशाच्या गोळीवरचा ठसा. ज्या घरात मीटर मागे फिरवलेलं असे तिथे चहा आधी यायचा, हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं. साहेब बसा ना, साहेब पंखा लावते, साहेब मुलगी काय शिकते. जितकं गोड बोलणं तितकी पलीकडची तार सैल. निवृत्त झाल्यावर लोक म्हणाले आता डोक्याला विश्रांती द्या, पण ते काही फाटक नव्हतं बांधून ठेवायला. दूधवाल्याचं माप, औषधाच्या दुकानातली पिशवी, मुलीच्या आवाजातला उत्साह, सगळ्याचा पीळ तो पाहून घ्यायचा. बायको म्हणायची, तुम्ही सकाळी आरशात बघता तेव्हासुद्धा समोरच्याला ओळखपत्र विचारत असाल. ती हसून म्हणायची, पण एकदा न हसता म्हणाली होती, आणि तेव्हा ती आजारी होती.

म्हणजे मास्तर. त्याने अंडं स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं आणि समोर खुर्ची ओढून बसला. हळूहळू थेंब सुकले आणि अंडं पुन्हा साळसूद दिसायला लागलं. आता कोणी पाहिलं असतं तर ते मावशीचंच म्हणालं असतं. तेही साहजिक होतं. मावशी आणि मास्तरांच्या दोन तांबूस कोंबड्या एकाच उबवणीतल्या. बायकोने मिळवलेली अंडी, मास्तरांची खुडूक बसलेली कोंबडी, आणि निघालेली पिल्लं दोन्ही घरांत वाटून घेतलेली. पण सध्या मास्तरांच्या कोंबड्यांनी पिसं टाकली होती. माना उघड्या पडून त्या केरसुणीसारख्या दिसत होत्या, आणि पिसं टाकणारी कोंबडी अंडं देत नाही. मास्तरांना सकाळी ताजं अंडं लागायचं, हे मास्तरांनीच दहा वेळा सांगितलेलं. हिशेब जुळत होता. तो दुधाला जातो, मास्तर फाटकातून येतात, मावशीचं ऊन अंडं उचलतात आणि आपलं जुनं, फ्रिजमधलं तिथे ठेवतात. मोजणारा मोजेल तर एक गेलं आणि एक आलं. ही चोरीसुद्धा नव्हती, मीटर फिरवणंच होतं, आकडा बरोबर दिसावा असं. त्याला मनातल्या मनात मास्तरांचं थोडं कौतुकही वाटलं, आणि मग त्या कौतुकाखालून राग वर आला, आणि रागाखालून आणखी काहीतरी, ज्याच्याकडे त्याने पाहिलं नाही.

संध्याकाळी भिंतीपाशी मास्तर आले. गळ्यात टेप तशीच, सदऱ्यावर खडूची पांढरी बोटं. रोजचा प्रश्न रोजच्याच आवाजात विचारला, "काय साहेब, दिलं का मावशीने आज?"

"दिलं," तो म्हणाला, आणि मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. मास्तर "वा" म्हणाले. रोजच म्हणायचे. आज त्याला त्या "वा"मध्ये सैलावलेपण ऐकू आलं, साहेब आकडा लिहून घेऊन निघाले की घरमालकाच्या खांद्यांत येतं तसं. मग मास्तर हवेबद्दल बोलले, शाळेच्या गणवेशांच्या ऑर्डरीबद्दल बोलले, एका गिऱ्हाइकाचं पोट दर सहा महिन्यांनी कसं वाढतं आणि ते दर वेळी टेपच आटली म्हणतं याबद्दल बोलले. तो हं हं करत राहिला. हा प्रश्न मास्तर कधीपासून विचारू लागले, हे तो आठवत होता. बायको असताना नाही. ती असताना मास्तर त्याच्याशी भिंतीवरून मान हलवण्यापलीकडे बोलत नसत; बोलणं व्हायचं ते तिच्याशी. तो कामावर असायचा. घरी आला की कधी कधी दोघांच्या हसण्याचं शेपूट तेवढं कानावर पडायचं आणि ती म्हणायची, काही नाही हो, कोंबड्यांचं. कोंबड्यांचं इतकं काय असतं हसण्यासारखं, असं त्याला तेव्हा वाटलं होतं आणि त्याने ते विचारलं नव्हतं. ती गेली, त्यानंतर लवकरच एका संध्याकाळी मास्तर भिंतीशी येऊन उभे राहिले आणि विचारलं, दिलं का मावशीने. तेव्हापासून एकही संध्याकाळ चुकली नव्हती. इतकं नेमाने कोणी कोणाची चौकशी करतं का? माणूस नेमाने येतो तेव्हा त्याचं काहीतरी तिथे अडकलेलं असतं, आणि काय अडकलंय हे शोधण्याचाच तर तो आयुष्यभर पगार घेत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने सापळा केला. युक्ती बायकोचीच. एकदा एका पांढऱ्या कोंबडीला अंडी फोडून खायची चटक लागली होती, तेव्हा तिने अंड्याला दोन टोकांना भोकं पाडली, फुंकून आतलं सगळं वाटीत काढलं, कवचात मोहरीचं कालवण भरलं आणि ते पेंढ्यात ठेवलं होतं. त्याने विचारलं होतं, मिरची का नाही? ती म्हणाली, कोंबडीला मिरची कळतच नाही, मोहरी मात्र पुरेपूर कळते. कोंबडीने चोच मारली आणि दिवसभर पाण्याच्या भांड्याशी बसून राहिली. पुन्हा तिने अंड्याकडे ढुंकून पाहिलं नाही. आता त्याने मोहरीची पूड पाण्यात कालवली तेव्हा नाकातून डोक्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. घाम फुटलेलं तेच अंडं घेतलं. सुईने भोकं पाडली, फुंकलं, पिचकारीने कालवण भरलं, आणि मेणात खडूची तांबडी भुकटी मिसळून दोन्ही भोकं बुजवली. बोट फिरवूनसुद्धा कळू नये असं सील. हात अजून तयार होते. या कामात तासभर आपण खुशीत होतो, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने पिचकारी जरा जोरानेच धुतली. मास्तर सकाळी ते अंडं तव्यावर फोडतील, त्यांचं तोंड, त्यांचे डोळे, आणि मग संध्याकाळी भिंतीशी येऊन विचारून दाखवावं म्हणावं, दिलं का मावशीने.

सकाळी मावशी खुराड्यात बसली होती. ती रोज बसायची, त्याच कोपऱ्यात, त्याच वेळी. त्याने तिच्या पोटाखाली अंडं सरकवलं, तिने पंख फुगवले, कुरकुरली आणि ते आपल्याखाली ओढून घेतलं. मग तो पिशवी घेऊन निघाला आणि दाराशी उभं राहून, समोर कोणी नसताना, मोठ्याने म्हणाला की आज बाजारातून यायला वेळ होईल. नाटक्यासारखं वाटलं. बाजारात त्याने काही घेतलं नाही. एका बाकावर बसून तो हातातल्या रिकाम्या पिशवीची घडी करत आणि मोडत राहिला.

परतला तेव्हा फाटकाची तार डावीकडे पिळलेली होती. पिशवी तिथेच टाकून त्याने फळी उचलली. अंडं जागच्या जागी होतं. मावशी उठून गेली होती आणि पेंढ्याच्या खळग्यात ते एकटंच होतं, त्याचंच, मेणाचं बूच खालच्या बाजूला. दुसरं अंडं नव्हतं. म्हणजे मास्तर आले होते, आणि काही न नेता, काही न ठेवता गेले होते. का? सील ओळखलं असेल तर मास्तर त्याच्यापेक्षा तयार निघाले. न ओळखता सोडून दिलं असेल तर मग येतात कशाला? तो खुराड्याशी उकिडवा बसून राहिला आणि हिशेब नव्याने मांडू लागला, आणि कुठल्याही बाजूने मांडला तरी एक खाना रिकामा राहत होता. मास्तरांनी आजवर ऊन अंडं नेलं असेल, तर आजही हे ऊनच होतं. मग न नेता सोडून देण्याइतकं आज काय वेगळं होतं त्यात? त्याने मान वळवून मावशीकडे पाहिलं. तिचा तुरा फिका पडला होता, सुकलेल्या पाकळीसारखा एका बाजूला कललेला. तो असा कधीपासून होता? तो उठला, तिला धरलं, तिचं डोकं काखेत घेतलं आणि शेपटीखालच्या दोन हाडांच्या मध्ये बोटं टेकवली. हेही बायकोनेच शिकवलेलं. देत असलेल्या कोंबडीच्या त्या हाडांमध्ये दोन-तीन बोटं आरामात मावतात. मावशीची हाडं जवळ आली होती. एक बोटसुद्धा शिरत नव्हतं. ही कालपरवाची गोष्ट नव्हती, हाडं मिटायला दिवस जावे लागतात, कितीतरी. जगातल्या प्रत्येक तारेचा पीळ पाहणाऱ्याने या कोंबडीला मात्र एकदाही तपासलं नव्हतं. त्याने मावशीला खाली ठेवलं. ती पिसं झटकून चालती झाली, जणू गुपित तिचं नव्हतंच.

म्हणजे मास्तर नेत नव्हते, ठेवत होते. हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं. वाटली ती लाज, आणि लाजेहून मोठी चीड. आपल्याला लहान मुलासारखं फसवलं. म्हातारा एकटा आहे, त्याच्या हातात रोज एक अंडं द्या, गप्प बसेल. आणि तो स्वतः काय करत होता? अधूनमधून त्याच अंड्यांतलं एखादं भिंतीवरून मास्तरांना द्यायचा, हे घ्या, मावशीचं, चव बघा, असं म्हणून. मास्तर ते दोन्ही हातांनी घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी सांगायचे की मावशीच्या अंड्याची गोष्टच न्यारी. स्वतःच्याच कोंबडीचं अंडं. किती हसले असतील. आणि दया करणाऱ्याचं काय असतं हे त्याला माहीत होतं. दया करणारा एक दिवस थकतो, आणि थकला की सांगून टाकतो. त्यापेक्षा चोर परवडला. मग मुलीकडे जायचंच. संध्याकाळी भिंतीशी उभं राहून सांगायचं, मास्तर, खेळ पुरे झाला, मी निघालो. अंडं त्याने ओट्यावर ठेवलं. मोहरीने भरलेलं ते हाताला खऱ्यापेक्षा थोडं जड लागत होतं.

मास्तर रोजच्यापेक्षा आधी आले. टेप गळ्यात नव्हती, सदरा बदललेला. त्याने तोंड उघडण्याआधीच मास्तर भिंतीवर दोन्ही हात टेकून पुढे वाकले आणि म्हणाले, "साहेब, आज मावशीने दिलं. खरंच दिलं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी पाहिलं. हातात घेऊन पाहिलं. ऊन होतं, साहेब."

मग मास्तरांना थांबवता येईना. आता सांगायला हरकत नाही, असं म्हणत ते सांगत सुटले. मावशी कधीचीच थांबली होती. एके दिवशी तो घरात नसताना मास्तर सांडलेला कोंडा गोळा करायला आले, तेव्हा खळगा रिकामा दिसला. दुसऱ्या दिवशी रिकामा. तेव्हापासून ते आपल्या कोंबडीचं ऊन ऊन आणून ठेवत होते. आता त्यांच्या कोंबड्यांनी पिसं टाकली, म्हणून साठवलेल्यातलं फ्रिजमधून काढून आणायला लागले, आणि परवा घाईत तसंच गार ठेवलं, तेव्हापासून जीव टांगणीला होता की साहेबांच्या हाताला कळेल. आज ठेवायला आले तर मावशी बसलेली, आणि तिच्याखाली हात घातला तर अंडं. आणलेलं त्यांनी खिशात टाकून परत नेलं. इतकं सांगून मास्तर हसले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. नजर अधू झालेल्या माणसाचे ते डोळे तसेही पाणावलेलेच असायचे.

"तुमच्यावर उपकार म्हणून केलं नाही हां," मास्तर म्हणाले. "तुम्ही म्हणाला होतात, ती थांबली की मी जातो. तुम्ही गेलात तर या भिंतीवर मी कोणाला विचारणार? माझ्यापुरतंच पाहिलं मी. वहिनींनी सांगितलं होतं, मास्तर, यांना रोज काहीतरी विचारत जा, नाहीतर हे आठ-आठ दिवस तोंड उघडणार नाहीत. मी त्यांच्यासाठी म्हणून सुरू केलं, आणि मग मलाच सवय लागली."

तर भिंतीवर काय बोलणं चालायचं, ते असं. हसण्याचं जे शेपूट त्याला ऐकू यायचं, त्याचं तोंड त्याच्याकडेच होतं. आणि मास्तरांनी हे स्वतःपुरतं केलं होतं. हे ऐकलं आणि सकाळपासून छातीत अडकलेलं काहीतरी सुटलं. दयेवर त्याचा कधी विश्वास बसला नव्हता, पण गरज त्याला कळत होती. आयुष्यभर त्याने लोकांच्या गरजाच तर तपासल्या होत्या. या माणसाला आपली गरज आहे. यात कुठेही पीळ उलटा नव्हता. आता फक्त एक गोष्ट सांगायची राहिली होती. मास्तर, ते अंडं मावशीचं नाही. ते तुमचंच आहे, परवाचं, आणि त्यात मोहरी आहे, आणि ती तुमच्यासाठी होती. जिभेवर आलं. समोर मास्तर बदललेल्या सदऱ्यात उभे होते, आणि ओट्यावर ते अंडं होतं, दोन्ही टोकांना त्याच्या हातचं सील.

"चांगलं मोठं होतं," तो म्हणाला.

"होतंच. मला वाटलं तुम्ही एव्हाना उकडलं असेल. अर्धं ठेवलंय का माझ्यासाठी?"

"नाही. आजचं मी एकटाच खाणार."

मास्तर खळखळून हसले, म्हणाले की तुमचा हक्कच आहे, आणि आपल्यालाही आता रोज चोरासारखं फाटकातून यायला नको. ते गेल्यावर त्याने नळ सोडला आणि अंडं पाण्याखाली फोडलं. मोहरीचा भपका असा आला की तो ओट्याला धरून उभा राहिला. मग तिथेच तो रडला, बायको गेल्यावर रडला नव्हता तितका, आणि बराच वेळ. मुलीचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज बसलेला होता. सर्दी झालीय का, तिने विचारलं. मोहरी कुटत होतो, तो म्हणाला. मावशीचं काय, तिने हसत विचारलं. देतेय गं, तो म्हणाला, आज चांगलं मोठं दिलं. आणि आपण सहज बोललो याचं त्यालाच नवल वाटलं.

आता तो दूध आणताना पलीकडच्या गल्लीतल्या दुकानातून तांबूस अंडी आणतो, मास्तरांच्या दुकानावरून न जाता, वळसा घालून. फ्रिजमधलं अंडं तो आधी ओट्यावर ठेवतो, घाम जिरेपर्यंत थांबतो, मग दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून बसतो. ऊन व्हायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात चहा गार होतो. मग ते मावशीखाली सरकवतो, ती कुरकुरून आपल्याखाली ओढून घेते, आणि दिवसभरात कधीतरी तो ते काढून आणतो. संध्याकाळी मास्तर विचारतात, तो सांगतो. एकदा मास्तर म्हणाले, दाखवा तरी. त्याने दिलं. मास्तरांनी ते तळहातावर घेतलं, जवळ नेऊन पाहिलं, मग कवचावरून अंगठा फिरवला, सावकाश, शिवणीवरून फिरवतात तसा, आणि मग तोच अंगठा दुसऱ्या बोटावर घासून पाहिला, ओल लागते का हे पाहावं तसा.

"छान आहे," मास्तर म्हणाले, आणि दोन्ही हातांनी ते परत दिलं.

त्याला दाट संशय आला की यांना सगळं कळलंय. त्याने मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. गणवेशांची ऑर्डर पुरी झाली का, असं त्याने विचारलं, आणि मास्तर सांगू लागले.